टीम बदलली म्हणजे गद्दारी? नगरच्या दोन क्रिकेटर्सपासून लेब्रॉन जेम्सपर्यंत, समजून घ्या निष्ठेचं गणित

भिंगारमधल्या एखाद्या मैदानावर खेळणाऱ्या पोराला विचारलं, तुझी टीम कुठली? तर उत्तर येईल मुंबई इंडियन्स, नाहीतर चेन्नई, नाहीतर आरसीबी. कबड्डीचा विषय निघाला, तर पुणेरी पलटण.

पण उद्या हाच पोरगा खरंच मोठा क्रिकेटर झाला, तर त्याने रणजी कुणाकडून खेळावी?

नकाशा पाहिला तर उत्तर सोपं आहे. भिंगार नगर शहराला लागून आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय आणि क्रिकेटच्या नकाशात हा जिल्हा येतो पुण्यातल्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनमध्ये. म्हणजे घरची टीम महाराष्ट्र. मुंबई आणि विदर्भ याच राज्यात असले, तरी रणजीत ते वेगळे संघ आहेत.

आता गंमत बघा. या जिल्ह्यातून आलेले दोन सर्वात मोठे क्रिकेटर म्हणजे श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे. दोघांनीही रणजी गाजवली, दोघांनीही ती जिंकली. पण महाराष्ट्राकडून दोघेही खेळले नाहीत.

मग हे दोघे गद्दार का?

असं कुणी म्हणत नाही. नगरमध्ये दोघांचंही नाव अभिमानाने घेतलं जातं. पण हाच प्रश्न टीव्हीवर दिसणाऱ्या स्टार्सबद्दल आला, की कमेंट बॉक्समध्ये राडा सुरू होतो. यशस्वी जैस्वालने मुंबई सोडायची म्हटल्यावर झाला, हार्दिक पंड्या मुंबई इंडियन्समध्ये परतल्यावर झाला. तिकडे अमेरिकेत बास्केटबॉलच्या स्टार्सवरून तर पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ हाच वाद चालू आहे.

सुपरस्टारने एकाच टीमशी निष्ठावान राहावं का? त्यासाठी आधी टीम नेमकी ठरते कशी, हे बघायला लागतं.

नगरचे दोघे, रस्ते वेगळे

झहीर खानचा जन्म १९७८ चा, श्रीरामपूरचा. क्रिकेटसाठी तो मुंबईत आला. पण मुंबईच्या रणजी संघात जागा मिळवणं म्हणजे तेव्हा महाकठीण काम. चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याची बॉलिंग तयार झाली आणि त्याला दार उघडलं ते बडोद्याने.

बडोद्याने तोवर रणजी ट्रॉफी शेवटची १९५७-५८ मध्ये जिंकली होती. २००० -०१ च्या फायनलमध्ये समोर होते रेल्वे. झहीरने शेवटच्या डावात ५ विकेट घेतल्या आणि बडोद्याचा ४३ वर्षांचा दुष्काळ संपला. पुढे २००६-०७ ला झहीर मुंबईकडे आला आणि त्याच सीझनला मुंबईनेही रणजी जिंकली.

म्हणजे झहीरने दोन टीम्सकडून खेळून दोन्हीकडे ट्रॉफी आणली.

रहाणेचा रस्ता वेगळा. जन्म आश्वीचा, पण वाढला डोंबिवलीत. क्रिकेट शिकला मुंबईच्या मैदानांवर. २००७ पासून तो मुंबईकडून फर्स्ट क्लास क्रिकेट खेळतोय. भारतीय संघातून बाहेर पडल्यावरही त्याने दुसरं राज्य शोधलं नाही. त्याच्याच कॅप्टनशिपमध्ये मुंबईने मार्च २०२४ मध्ये विदर्भाला हरवून ४२ वी रणजी ट्रॉफी जिंकली. २०२५ मध्ये त्याने कॅप्टनशिप सोडली, पण नव्या कॅप्टनखाली साधा खेळाडू म्हणून खेळायची तयारी ठेवली.

निष्ठा म्हणावी तर अशी.

पण याच रहाणेचं आयपीएल बघितलं, तर चित्र एकदम उलटं आहे. मुंबई इंडियन्स, राजस्थान रॉयल्स, रायझिंग पुणे सुपरजायंट्स, दिल्ली कॅपिटल्स, कोलकाता नाईट रायडर्स, चेन्नई सुपर किंग्स आणि पुन्हा कोलकाता. सहा टीम्स झाल्या. २०२३ ला चेन्नईकडून आयपीएल जिंकली, २०२५ ला कोलकात्याचा कॅप्टन झाला.

माणूस एकच, स्वभाव एकच. मग एकीकडे निष्ठावान आणि दुसरीकडे सहा जर्सी कशा?

कारण रणजीत टीम बदलायची की नाही, हे बऱ्याच अंशी खेळाडूच्या हातात असतं. आयपीएलमध्ये टीमने सोडलं, की खेळाडू लिलावात जातो आणि जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे खेळतो. तिथे त्याला कुणी विचारत नाही, की तुला कुठे जायचंय.

म्हणून निष्ठेबद्दल बोलताना पहिला प्रश्न हा विचारावा लागतो, की खेळाडूला निवडीचा अधिकार होता का?

रणजीत टीम बदलायचा नियम काय?

एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जायचं असेल, तर खेळाडूला आपल्या जुन्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी घ्यावी लागते. प्रत्येक राज्य संघाला बाहेरचे ठराविक खेळाडू घेता येतात. त्यांना गेस्ट किंवा प्रोफेशनल प्लेयर म्हणतात.

हे सगळं पैशासाठी चालतं, असा अनेकांचा समज असतो. पण रणजीची मॅच फी बीसीसीआय ठरवते आणि ती सगळ्या राज्यांना सारखी आहे. २०२१ मध्ये केलेल्या रचनेनुसार ४० पेक्षा जास्त मॅच खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० मॅचवाल्याला ५० हजार आणि त्याखालच्याला ४० हजार रुपये. मुंबईकडून खेळा नाहीतर गोव्याकडून, फी तीच. प्रोफेशनल म्हणून जाणाऱ्याला नवी संघटना वेगळं मानधन देऊ शकते, पण बहुतेक वेळा खरं कारण असतं ते म्हणजे संधी.

वसीम जाफरचं उदाहरण घ्या. १९९६-९७ पासून मुंबईकडून खेळलेला, मुंबईचा कॅप्टन राहिलेला माणूस. २०१५ मध्ये तो विदर्भाकडे गेला. तेव्हा वय झालं, आता काय करणार, असंच अनेकांना वाटलं होतं. विदर्भाने त्याआधी रणजी एकदाही जिंकली नव्हती. २०१७-१८ ला जिंकली. २०१८-१९ ला पुन्हा जिंकली आणि त्या सीझनला चाळिशी ओलांडलेल्या जाफरने हजाराहून जास्त रन केले. कोच होते चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच.

मुंबईचं यात नुकसान झालं का? मुंबईकडे पोरांची रांग लागलेली असते. पण नागपूर, अकोला, अमरावतीच्या पोरांना रोज नेट्समध्ये जाफर बघायला मिळाला. एका खेळाडूने टीम बदलली आणि एका प्रदेशाचं क्रिकेट पुढे सरकलं.

दुसरं उदाहरण यशस्वी जैस्वालचं. एप्रिल २०२५ मध्ये त्याने मुंबईकडे एनओसी मागितली. जायचं होतं गोव्याला. गोव्याने नेतृत्वाची संधी देऊ केली, असं कारण त्याने दिलं. सोशल मीडियावर लगेच मुंबईने घडवलं आणि हा निघाला, अशी टीका सुरू झाली. महिनाभरातच त्याने अर्ज मागे घेतला आणि तो मुंबईतच राहिला. त्याच वर्षी पृथ्वी शॉने मात्र मुंबई सोडली आणि तो आला महाराष्ट्राच्या टीममध्ये.

म्हणजे नगरच्या पोरांच्या हक्काच्या टीममध्ये मुंबईचा पोरगा आला. आणि नगरचा रहाणे मुंबईत. या महाराष्ट्राने रणजी जिंकलीय ती १९३९-४० आणि १९४०-४१ ला, प्रा. दि. ब. देवधरांच्या काळात. त्यानंतर फायनलपर्यंत पोहोचले, पण ट्रॉफी आली नाही. मग बाहेरून येणाऱ्याला पुण्यात कुणी गद्दार कशाला म्हणेल? तो जिथून निघतो तिथेच गद्दार ठरतो. जिथे पोहोचतो तिथे त्याचं स्वागतच होतं.

अमेरिकेत नेमकं काय झालं होतं?

हा वाद जगभर गाजला तो लेब्रॉन जेम्समुळे.

एनबीएमध्ये नवा खेळाडू आपली टीम निवडत नाही. तिथे ड्राफ्ट असतो. मागच्या सीझनला खराब खेळलेल्या टीम्सना आधी निवड करण्याची जास्त संधी मिळते. लेब्रॉन ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावचा आणि २००३ मध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं ते जवळच्याच क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने. घरचाच पोरगा घरच्या टीममध्ये. याहून छान काय?

सात सीझन झाले, चॅम्पियनशिप आली नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं. ८ जुलै २०१० ला लेब्रॉनने टीव्हीवर खास कार्यक्रम करून जाहीर केलं, की तो मायामीला जातोय. क्लीव्हलँडमध्ये लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या.

नियमाने बघितलं तर त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट पूर्ण केलं होतं. पण लोकांना लागलं ते जाण्याच्या पद्धतीमुळे. ज्या शहराने जीव लावला, त्याला देशासमोर, टीव्हीच्या कार्यक्रमात कळलं की आपला माणूस निघाला.

मायामीत त्याने दोन चॅम्पियनशिप जिंकल्या. २०१४ ला तो क्लीव्हलँडला परत आला. २०१६ च्या फायनलमध्ये ३-१ ने मागे असताना टीमने सलग तीन मॅच जिंकल्या आणि क्लीव्हलँड शहराला १९६४ नंतर पहिल्यांदा एखाद्या मोठ्या व्यावसायिक खेळाचं विजेतेपद मिळालं. जर्सी जाळणारं शहर रस्त्यावर उतरून नाचलं. २०१८ ला तो पुन्हा निघाला, यावेळी लॉस एंजेलिस लेकर्सकडे. तेव्हा २०१० सारखा संताप झाला नाही. दिलेला शब्द त्याने पाळला होता.

दुसऱ्या बाजूला एकाच टीमकडे राहिलेले दिग्गजही आहेत. डर्क नोविट्झ्की डॅलसकडून २१ सीझन खेळला आणि २०११ ला चॅम्पियन झाला. टिम डंकन सॅन अँटोनियोकडून १९ सीझन खेळला, ५ चॅम्पियनशिप जिंकल्या. रेजी मिलर इंडियानाकडून १८ सीझन खेळला, पण त्याला चॅम्पियनशिप एकदाही मिळाली नाही.

कोबी ब्रायंटचं नाव तर निष्ठेसाठी हमखास घेतलं जातं. लेकर्सकडून २० सीझन. पण २००७ मध्ये याच कोबीने मला दुसऱ्या टीमकडे पाठवा, अशी जाहीर मागणी केली होती. ट्रेड झाला नाही, टीम मजबूत झाली, पुढे दोन चॅम्पियनशिप आल्या आणि कोबी निष्ठेचं प्रतीक झाला.

म्हणजे अनेकदा निष्ठा हा खेळाडूच्या स्वभावाचा विषय कमी आणि टीमने त्याच्याभोवती काय उभं केलं, याचा विषय जास्त असतो.

टीम तरी निष्ठावान असते का?

या वादात हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो.

डीमार डीरोझन टोरंटोकडून ९ सीझन खेळला. मोठे स्टार टोरंटोत थांबत नाहीत, अशी ओरड असताना तो थांबला. २०१८ ला टीमने त्याला सॅन अँटोनियोला ट्रेड केलं आणि काव्हाय लेनर्डला आणलं. २०१९ ला टोरंटो चॅम्पियन झाली आणि पुढच्याच महिन्यात लेनर्डही टीम सोडून गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवलं. २५ वर्षांचा, टीमला आदल्याच सीझनला फायनलमध्ये नेणारा खेळाडू. त्याने मागणी केली नव्हती. एनबीएमध्ये बहुतेक खेळाडूंचा ट्रेड त्यांच्या संमतीशिवाय होऊ शकतो.

आयपीएलमध्ये ट्रेडसाठी खेळाडूची संमती लागते. पण टीम्सची निष्ठा तिथेही परिस्थितीनुसारच असते.

२००८ मध्ये सौरव गांगुली कोलकात्याचा आयकॉन खेळाडू होता. २०११ च्या लिलावाआधी टीमने त्याला ठेवलं नाही आणि लिलावातही कुणी घेतलं नाही. नंतर तो आला पुणे वॉरियर्समध्ये. ५ मे २०१२ ला ईडन गार्डन्सवर कोलकाता विरुद्ध पुणे मॅच झाली, तेव्हा आपल्या शहराच्या टीमला पाठिंबा द्यावा की आपल्या दादाला, यावरून अख्खं स्टेडियम विभागलं गेलं होतं.

रोहित शर्माने मुंबई इंडियन्सला ५ ट्रॉफी जिंकून दिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये टीमने कॅप्टनशिप काढून हार्दिक पंड्याला दिली, जो नुकताच गुजरातहून ट्रेड होऊन आला होता. निर्णय मॅनेजमेंटचा, पण वानखेडेवर २०२४ च्या सीझनभर हुर्यो ऐकली ती हार्दिकने. आणि त्याच जुलैमध्ये टी-२० वर्ल्ड कप जिंकून टीम वानखेडेवर आली, तेव्हा त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला.

सगळ्यात भारी गोष्ट आहे रवींद्र जडेजाची. २०१० ला राजस्थानचा खेळाडू असताना त्याने दुसऱ्या टीमशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून त्याच्यावर त्या सीझनची बंदी आली होती. पुढे तो चेन्नईचा झाला. २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारून त्याने चेन्नईला ट्रॉफी मिळवून दिली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने संजू सॅमसनला घेण्यासाठी जडेजाला ट्रेड केलं. कुठे? तर राजस्थानला.

खेळाडूने दुसऱ्या टीमशी बोलणं केलं तर शिस्तभंग. टीमने खेळाडूबद्दल दुसऱ्या टीमशी बोलणं केलं तर स्ट्रॅटेजी. नियम म्हणून दोन्ही बरोबर असेलही, पण निष्ठेचा हिशोब मात्र एकतर्फी आहे.

राहिलं तर फायदा, की गेलं तर?

एनबीएमध्ये सिस्टीमच राहणाऱ्याला जास्त पैसे देते. जुनी टीम खेळाडूला साधारणपणे पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊ शकते, नवी टीम चार वर्षांचं. ठराविक निकष पूर्ण केले, तर टीमच्या सॅलरी कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम एकट्या खेळाडूला मिळते. त्याला सुपरमॅक्स म्हणतात.

आयपीएलमध्ये उलटंही होतं. २०२५ च्या मेगा लिलावाआधी रिटेन्शनचे स्लॅब १८ कोटींपर्यंत होते. टीम आपल्या मर्जीने जास्त देऊ शकत होती, म्हणून विराट कोहलीला आरसीबीने २१ कोटी दिले. पण दिल्ली सोडून लिलावात उतरलेल्या ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं.

तोच कोहली आयपीएलचे पहिले १८ सीझन एकाच टीमकडून खेळलेला एकमेव खेळाडू आहे. ३ जून २०२५ ला आरसीबीने पंजाबला ६ रन्सनी हरवून पहिली ट्रॉफी जिंकली, तेव्हा तो मैदानातच रडला. त्या अश्रूंची किंमत लिलावात ठरत नाही.

कबड्डीत तर नगरच्याच पोराचं उदाहरण आहे. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार प्रो कबड्डीच्या आठव्या सीझनपासून पुणेरी पलटणमध्ये आहे. टीमने महागडे स्टार जमवण्याऐवजी तरुण पोरं घडवली, सांभाळली आणि कॅप्टन केलं अस्लमला. १ मार्च २०२४ ला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिली ट्रॉफी जिंकली. सीझनचा सर्वोत्तम खेळाडूही अस्लमच.

पण त्याच टीममधला इराणचा मोहम्मदरझा शादलू पुढच्या सीझनला हरियाणाकडे गेला आणि तिथेही चॅम्पियन झाला. एक थांबून जिंकला, एक जाऊन. दोघांपैकी कुणी चुकलं असं म्हणता येत नाही.

मग भिंगारच्या पोराने काय करावं?

भिंगारला या प्रश्नाचा आणखी एक कंगोरा आहे. हा छावणीचा परिसर. शेजारी आर्मर्ड कोअर सेंटर. लष्करात भरती झालेला खेळाडू खेळतो सर्व्हिसेसकडून, रेल्वेत लागलेला रेल्वेकडून. देशातल्या बास्केटबॉल आणि कबड्डीत या दोन टीम्सचा दबदबा आहे. तिथे टीम ठरते नोकरीवरून आणि नोकरी म्हणजे घरची चूल. त्या पोराला राज्य का सोडलं, असं कुणी विचारत नाही आणि विचारूही नये.

खेळाडूचं करिअर दहा-पंधरा वर्षांचं. एक दुखापत झाली की तेही संपतं. अशा माणसाकडे आयुष्यभराची निष्ठा मागणं आणि टीमला मात्र एका खराब सीझननंतर त्याला सोडायची मुभा देणं, हा न्याय नाही.

पण म्हणून चाहत्यांचा राग खोटा ठरत नाही. तिकीट त्यांनी काढलेलं असतं, जर्सी त्यांनी घेतलेली असते. खेळाडू आणि मालक बदलतात, चाहता मात्र तिथेच असतो. या सगळ्या व्यवहारात खरा निष्ठावान कोण असेल तर तो. त्यामुळे त्याला काही गोष्टी मागायचा हक्क आहे.

घेतलेलं कॉन्ट्रॅक्ट पूर्ण करा. आहात तोवर शंभर टक्के खेळा. जायचं असेल तर तोंडावर सांगा, तमाशा करू नका. आणि जिथून वर आलात, तिथल्या पुढच्या पोरांसाठी काहीतरी ठेवून जा.

या निकषांवर बघितलं, तर बडोद्याला ४३ वर्षांनी रणजी देऊन मुंबईला आलेला झहीर निष्ठावानच ठरतो, विदर्भाला उभा करणारा जाफरही आणि कॅप्टनशिप सोडूनही मुंबईकडून खेळणारा रहाणेही. २०१० चा लेब्रॉन पद्धतीत चुकला, २०१६ च्या लेब्रॉनने ती चूक भरून काढली.

त्यामुळे पुढच्या ट्रेड विंडोत आपला आवडता खेळाडू दुसऱ्या जर्सीत दिसला, तर गद्दार टाईप करण्याआधी एक गोष्ट तपासा. तो स्वतः गेला, की त्याला पाठवलं? बऱ्याचदा शिवी खेळाडूला पडते आणि सही मॅनेजमेंटची असते.